मनातली चोरी

कल्याणच्या बाजारातून परवा जाताना एका दुकानापाशी नव्या रेक्झिनचा उग्र वास आला. दारात काळ्या पिशव्या ओळीने टांगलेल्या होत्या. अशाच एका पिशवीमुळे आमच्या घरावर काही वर्षं मळभ आलं होतं.

आई तेव्हा रुग्णालयातल्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाली होती. कल्याणला नात्यातल्या एका लग्नाला ती गेली आणि निघायच्या गडबडीत खुर्चीखालची दुसऱ्याच बाईची पिशवी, आपली समजून, वर्तकनगरच्या आमच्या घरी घेऊन आली. उघडली तर आत परके दागिने. ते परत द्यायला ती पायात चपला घालत होती, तोच पोलीस दारात उभे राहिले. चोरीचा गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला, पण जन्मभर आजाऱ्यांच्या उशाशी बसलेली माझी आई आता मान खाली घालून जिना उतरू लागली. शेजारी काही बोलत नसत, आणि त्यांचं ते न बोलणंच तिला सलत असे.

तिचा खटला घेतलेल्या, कोपरीतल्या एका वयस्कर वकीलबाईंनी तिला समोर बसवून एक लॅटिन वचन संथपणे म्हणून दाखवलं, ‘अ‍ॅक्टस नॉन फॅसिट रिअम, निसी मेन्स सिट रिआ.’

“म्हणजे काय हो?” आईने विचारलं.

“म्हणजे ताई, नुसत्या हाताने माणूस गुन्हेगार होत नाही. मनात चोरी असावी लागते. आणि ती होती, हे त्यांनी सिद्ध करायचं. तुम्ही नाही.”

आई म्हणाली, “माझ्या मनात काय होतं, हे आजवर कुणी विचारलंच नाही.”

न्यायालयात वकीलबाईंनी पिशवीच्या मालकिणीला, फिर्यादी बाईंना, शांतपणे विचारलं, “तुमची पिशवी गेली, तेव्हा तिथे काय उरलं होतं?”

“तशीच दुसरी पिशवी,” त्या खरं तेच बोलल्या. “आत ह्या ताईंचा चष्मा, गोळ्या, ओळखपत्र होतं.”

स्वतःचं नाव-गाव मागे ठेवून कोण चोरी करतं? आई निर्दोष सुटली.

त्या दुपारी घरी येऊन तिने वरणभात खाल्ला आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली. मी तिच्या संथ श्वासाकडे पाहत बसले. वकीलबाईंच्या वचनातली ती लॅटिन भाषा बोलणारी माणसं केव्हाच काळाआड गेली. पण शिक्षा देण्याआधी समोरच्याच्या मनात डोकावून पाहावं, असं त्यांच्यातल्या कुणाला तरी वाटलं होतं; ते वाटणं तेवढं, इतक्या दूरवर, माझ्या आईपर्यंत येऊन पोचलं होतं.