अक्कांनी विचारू न दिलेला प्रश्न

ठेकेदाराने आम्हाला फसवलं. होटगी रस्त्यावर त्याने खणलेल्या खड्ड्यात स्कूटीसकट पडून माझ्या केतकीचा जीव गेला, आणि त्याने चौकशीत लिहून दिलं की खड्ड्यापाशी धोक्याचा बोर्ड होता. बोर्ड नव्हता. तो दुसऱ्या दिवशी लागला. तिला वर काढायला मीच उतरलो होतो, मला माहीत आहे. पण बापाचं बोलणं पुरावा धरत नाहीत म्हणे.

मंद्रूपच्या अक्का मला भेटल्या त्या या भांडणामुळेच. लेकरं गमावलेल्या आईबापांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्या चालवत. मी जुन्या टायरांचा व्यापारी, शून्यातून उभा राहिलेला. वाटलं, एवढी माणसं आहेत, मोर्चाला कामाला येतील. आत शिरताच ठेकेदाराला शिव्या घालणारा व्हॉइस मेसेज टाकला. अक्कांचं उत्तर आलं, मागे पिठाच्या गिरणीची घरघर: "ऐकलं दादा, समदं ऐकलं. आनी द्या शिव्या. पर केतकीला खायला काय आवडायचं, ते सांगितलंच न्हाय की."

जोडलेले हात, फुलं, मेणबत्त्या पाठवायला तिथे बंदी. "फुलं-बिलं नकोत. चुलीवर कायतरी ठेवा," असं अक्कांचं म्हणणं. लेकराच्या वाढदिवशी प्रत्येकाने त्याच्या आवडीचं करायचं, खायचं आणि फोटो टाकायचा. केतकी गेल्यापासून माझ्या बायकोने धपाट्यांचं पीठ मळलं नव्हतं. केतकीच्या वाढदिवशी फोनवर मोहोळपासून अक्कलकोटपर्यंतचे धपाटे येऊ लागले, कुणाचे जाड, कुणाचे करपलेले. "हे काय धपाटे झाले?" म्हणत ती उठली आणि परात घेतली.

पुढे ग्रुपात एक बाई आल्या. मुलगा तापाने गेलेला. नाव वाचलं आणि माझं डोकं फिरलं. ठेकेदाराची बायको! मी तडक मंद्रूपला अक्कांच्या गिरणीवर गेलो.

"तिला काढा."

"का? तिनं खड्डा खनला व्हय?"

"बरं, राहू द्या. पण एकच विचारा. बोर्ड कधी लावला? या ग्रुपात ती खोटं बोलणार नाही."

"न्हाय बोलनार. म्हनूनच इचारायचं न्हाय." अक्कांनी गिरणी बंद केली. "ती हितं आई म्हनून आलीया. तिला साक्षीदार केलं, तर उद्या हितं कोन तोंड उघडंल?"

मी ओरडलो. ग्रुपातली माणसं फोडीन म्हणालो. मग गयावया केली. जन्मभर घासाघीस केलीय मी. समोरचा कुठे ढिला पडतो ते मला त्याच्या डोळ्यांवरून कळतं. अक्का ढिल्या पडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "ज्यानं लिवलं त्यालाच इचारू. चला, म्या येते."

आणि खरंच आल्या. चौकशीच्या प्रत्येक सुनावणीला गिरणीला कुलूप लावून, पिठाने पांढऱ्या झालेल्या चपला घालून साहेबांसमोर बसल्या. ठेकेदार दिसला की आधी त्याला विचारायच्या, "पोराची आई जेवती का?" आणि मग त्याच आवाजात, "बोर्ड कवा लावला?" तो खाली बघायचा. एवढी माया आणि एवढा जाब एकाच तोंडात कसा मावतो, ते मला अजून उमगलेलं नाही.

ठेकेदाराच्या मुलाचा वाढदिवस आला. त्याला शिरा आवडायचा. मी ठरवलं होतं, आपल्या घरात शिरा होणार नाही. अक्कांचा मेसेज आला: "टायरवाले दादा, रवा भाजला का?"

भाजला. स्वतः भाजला. खाल्लाही.

या उन्हाळ्यात अक्का गेल्या. ग्रुपात सगळे विचारत राहिले, अक्कांना काय आवडायचं? कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना विचारणाऱ्या बाईला आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

हे लिहू का, असं मी ठेकेदाराच्या बायकोला विचारलं. "लिहा दादा," ती म्हणाली. तेवढंच विचारलं. बोर्डाचं नाव काढलं नाही.

तेव्हा ठेकेदार, तुमच्या बायकोला मी कधीच विचारणार नाही. कागदावर सही तुमची आहे. अक्का आता तुमच्यासमोर येऊन बसणार नाहीत, मी बसणार आहे. सांगा, बोर्ड कवा लावला?