खाटेखालचं डिझेल

बारवी धरणाच्या रस्त्याला, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. त्या वाडीत गाडी एकच, सखाची पिकअप. वाडीवर चढायला नुसती पायवाट, म्हणून ती खाली डांबरी रस्त्याच्या कडेला आंब्याखाली उभी असते. दिवसभर सखा उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांची कपाटं नि पलंग बदलापूरच्या नव्या इमारतींत पोचवतो. वाडीत कुणाला साप चावला, कुणा बाईला कळा लागल्या, की हीच गाडी. सखाला या गोष्टीचा भारी अभिमान होता. जरा जास्तच होता म्हणा ना.

एकदा सकाळी तो खाली आला तर टाकीचं झाकण लोंबकळतंय आणि आत ठणठणाट. कुणीतरी नळी घालून डिझेल ओढून नेलं होतं. सखाने चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग एक शक्कल लढवली. रोज संध्याकाळी आपणच नळी लावायची, टाकी कॅनमध्ये रिकामी करायची, कॅन खांद्यावर मारून घरी न्यायचा आणि खाटेखाली सरकवून द्यायचा. सकाळी पुन्हा खाली आणून ओतायचा. आता येऊ दे म्हणावं चोराला, नळीतून नुसती हवा ओढू दे! वाडीभर तो हे सांगत फिरला आणि लोकही हसले.

हसली नाही ती त्याची बायको, भिकी. तिला दमा होता. थंडी पडली की तिची छाती वाजायला लागायची आणि त्यात खाटेखालून हा वास.

"बाहेर ठेव ना तो कॅन. मना जीव कोंडल्यावानी होतो."

"बाहेर ठेवला तर कोन राखल? तू?"

भिकी पदर नाकाला लावून कूस बदलायची. सखा वाईट माणूस नव्हता. तिच्या औषधाला तो कधी चुकला नाही. पण आपली युक्ती त्याला फार लाडकी होती आणि लाडक्या गोष्टीपुढे माणसाला दुसरं काही दिसत नाही, त्याला तो तरी काय करणार.

डिसेंबरात गाडी सकाळी खोकायला लागली. उल्हासनगरच्या सिंधी हरेश मिस्त्रीने फिल्टर काढून पाहिला. "सखा, ये देख, पाणी आहे यात. थंडीत टाकी रिकामी राहिली की आतून घाम सुटतो तिला, तेच पाणी खाली उतरतं. शाम को फुल करून ठेव, साईं. आणि हा खालचा स्क्रू आठवड्याला सैल करून पाणी सोडत जा. दोन मिनिटांचं काम."

"हो, हो," सखा म्हणाला. त्याला वाटलं, मिस्त्री काय, सांगणारच. फुल टाकी म्हणजे चोराला आमंत्रण. संध्याकाळी त्याने पुन्हा नळी लावली, आणि तो स्क्रू काही त्याच्या हातून सैल झाला नाही.

जानेवारीत धरणाकडून असा काही गारठा आला की पहाटे गवत पांढरं दिसायचं. अशाच एका पहाटे भिकी उठून बसली ती श्वासच घेईना. तोंडात मारायचा पंप रिकामा झाला तरी छाती मोकळी होईना. शेजारच्या राजेशने धावत येऊन चादरीची झोळी केली. दोघांनी तिला पायवाटेने खाली आणलं. सखाने घाईघाईने कॅन टाकीत ओतला, अर्धं डिझेल मातीत सांडलं. गाडी सुरू झाली. सखाला देव आठवला.

जंगलाच्या वळणावर ती दोनदा हिसकली आणि बंद पडली.

मोबाइलला रेंज नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सखाने बॉनेट उघडून फिल्टरचा तो खालचा स्क्रू फिरवला आणि तळहात धरला. हातावर पाणी आलं. स्वच्छ, गार, विहिरीचं असावं तसं. डिझेल कितीतरी वेळाने आलं. मग तो फिल्टरवरचा हातपंप दाबत सुटला, नळ्यांत शिरलेली हवा काही निघेना. सीटवर राजेशने भिकीला धरलं होतं. तिचा घरघरणारा आवाज सखाला ऐकू येत होता आणि तो ऐकू येतोय तोवर ठीक आहे, असं म्हणत तो पंप दाबत राहिला.

शेवटी इंजिन पकडलं. सखा उडी मारून आत बसला, गिअर टाकला.

राजेशने त्याच्या हातावर हात ठेवला. "सखादादा," तो म्हणाला, "आता सावकाश चालव."

भिकीचा दहावा झाल्यावर सखा पुन्हा गाडीवर जायला लागला. कॅन त्याने दगडाने ठेचला. रोज संध्याकाळी बदलापूरच्या पंपावर टाकी तोंडोतोंड भरायची, मगच घरी. मध्ये एकदा चोरी झाली. त्याने शिवी घातली नाही, पायी जाऊन डिझेल आणलं आणि टाकी पुन्हा भरली.

पुढच्या थंडीत राजेशच्या बायकोला, हर्षदाला, पहाटे कळा लागल्या. तसाच गारठा, तीच झोळी, तीच पायवाट. सखाने चावी फिरवली आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. जंगलाचं वळण कधी मागे गेलं ते कळलंही नाही. सूर्य वर यायच्या आत उल्हासनगरच्या दवाखान्यात मुलगी झाली. समोरचं दुकान उघडताच राजेश पेढे घेऊन धावत आला. "दादा, तुझी गाडी होती म्हणून!"

सखाने पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. राजेश आत गेल्यावर त्याने बॉनेट उघडलं आणि दोन बोटांनी तो स्क्रू सैल केला. तळहातावर डिझेल आलं, नुसतं डिझेल, पाण्याचा थेंब नव्हता. त्याने स्क्रू परत आवळला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिथेच, दवाखान्याच्या फाटकात, माणसांच्या येण्याजाण्यात, बंपरवर डोकं टेकून सखा हमसाहमशी रडायला लागला.