मी घरीच होतो, फोन गेला होता

साथीच्या वर्षी शाळा बंद पडल्या आणि मी उमरग्याची भाड्याची खोली सोडून बायको-मुलींसह बेंबळीला, आईवडिलांकडे आलो. दोन-चार दिवसांसाठी म्हणून आलो आणि पेरण्या होऊन पिकं गुडघ्याला आली तरी तिथंच होतो.

शिक्षकाला शिकवायला कुणी मिळालं नाही की तो घरच्यांना धरतो. हात कसे धुवावेत हे मी आईला शिकवलं. जिनं मला लहानपणी दगडानं घासून धुतलं होतं, ती बिचारी निमूट ऐकत होती. वडिलांना, म्हणजे आण्णांना, मास्क बांधायला शिकवला. ते उपरणं नाकावर ओढून नुसते माझ्याकडे बघत बसले. मग एका सकाळी मी ते सरकारी ॲप फोनमध्ये घेतलं आणि सगळ्यांना पडवीत बसवून त्यावर व्याख्यान झोडलं. घरात तसला फोन एकच होता, माझा.

"आपल्याजवळ कुणी आजारी माणूस येऊन गेला आणि त्याच्या फोनातही हे असलं, तर हे आपल्याला कळवतं," मी म्हणालो.

"कोण ते सांगतं का?" आईनं विचारलं.

"न्हाय. नाव गुप्त असतं."

"मग काय उपेग त्याचा?"

"आणि आपण कुटं गेलतो ते कळतं व्हय त्याला?" हे आण्णा.

"सगळं कळतं, आण्णा. मशीन खोटं बोलत न्हाय."

आण्णांचा अडकित्ता सुपारीवर तसाच थांबला. विज्ञानानं म्हातारा प्रभावित झाला, असं मला वाटलं. माणसांची पारख मला पहिल्यापासूनच अशी.

दुपारी मी वामकुक्षी घेत असे. बायकोच्या मते तिला वामकुक्षी म्हणणं म्हणजे पुराला ओघळ म्हणणं. जेवलो की पडायचो ते चहाची भांडी वाजेपर्यंत. फोन उशाशी. तो तिथंच असतो अशी माझी समजूत होती. उठल्यावर जागेवर सापडायचा, मग शंका कशाला घ्यायची?

आणि एका सकाळी ॲपचा हिरवा पडदा नारिंगी झाला. तुम्ही बाधित व्यक्तीच्या संपर्कात आला आहात, असा मजकूर. मी तो मोठ्यानं वाचला. वाचायला नको होता. बायकोनं धाकटीला माझ्या मांडीवरून असं उचललं, जसं विस्तवाजवळचं काही उचलावं. धाकटी आम्हाला फार उशिरा झालेली. तेव्हा जेमतेम बसायला लागली होती.

"कुठं गेला होतात?" बायको.

"कुठंच न्हाय! मी तर दारसुद्धा ओलांडलं न्हाय."

"पत्ते कुटायला गेला असंल मळ्यात," आई म्हणाली. "ह्याला लहानपणापासून सवय हाय. भिताडावरून जायचा."

"आई, मी झोपलेला असतो दुपारचा. तुम्ही सगळे बघता की!"

"आम्ही बी झोपतो," बायको म्हणाली. "आणि मशीन खोटं बोलत न्हाय. तुम्हीच सांगितलं होतं."

आण्णा पडवीच्या कोपऱ्यात बसले होते. नेहमी माझी बाजू घ्यायचे, पण त्या दिवशी उठून लांब ओट्यावर जाऊन बसले. बापालाही आपली भीती वाटली, या विचारानं मला भरून आलं. माझी वळकटी गोठ्यात गेली. म्हशीनं मला हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दिवेलागणीला शेजारच्या काकू भिंतीवरून ओरडून बातमी सांगून गेल्या. आत्याच्या मुलाला, जो पुण्याहून आला होता, अँब्युलन्समधून धाराशिवला नेलं. तो पॉझिटिव्ह निघाला. आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी गावानं बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. ॲपनं नाव गुप्त ठेवलं होतं. आमच्या गावानं नाव, गल्ली आणि त्यानं दुपारी काय खाल्लं होतं तेही सांगितलं.

ही आत्या म्हणजे आण्णांची एकुलती बहीण, गावातच दिलेली. माझं नाव तिनंच ठेवलं. पण माझ्या लग्नात आईनं तिला आहेर केला ती साडी तिनंच पूर्वी कुणाला तरी केलेली निघाली. लग्नालग्नांतून फिरत ती पुन्हा तिच्याच ओटीत पडली. आत्यानं भर मांडवात पदराचा डाग दाखवून ती ओळखली. तेव्हापासून दोन घरांचं जाणंयेणं बंद. माझ्या दोन्ही मुली तिनं पाहिलेल्या नव्हत्या.

काकू गेल्या आणि थोड्या वेळानं आण्णा गोठ्याच्या दाराशी आले. आत आले नाहीत. उपरणं नाकावर होतं, मी शिकवल्यापेक्षा नीट.

"तुझा फोन दुपारचा कुटं असतो?"

"उशाशी."

"न्हाय. माझ्या बंडीच्या खिशात असतो."

मी उठून बसलो.

"तिला पोरींचे फोटू दाखवाया नेतो. ती बोटानं मोठं करकरून बघती. धाकटीचं नाक आमच्या आईचं हाय म्हणती. बघून झालं की पुन्हा पहिल्यापासनं लाव म्हणती. तिचं पोरगं बी बसतं शेजारी. फोनातले फोटू कसे लावायचे ते त्यानंच शिकवलं मला."

"आण्णा, आधी सांगायचं की!"

"तुझ्या आयला कळलं तर मिटलं सगळं. तू सांगू नको. तुझ्याच अंगावर राहू दे."

माझ्या अंगावर राहायला माझी हरकत नव्हती. मला नवऱ्याच्या नोकरीत आरोपांची सवय आहे. पण आण्णांना दमा, आईला साखर, घरात तान्हं मूल. त्यांनी घरात झोपून चालणार नव्हतं. बाहेर झोपायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की बहिणीकडच्या दुपारी संपल्या. ते दाराला धरून उभे राहिले. इतका मोठा माणूस, पण वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा.

मग त्यांनीच तोड काढली. अंगणात जाऊन आईला म्हणाले, "पोरगं एकटं घाबरतंय. मी बी गोठ्यात झोपतो, सोबतीला."

आई चुलीपुढून उठली. "दमा तुमाला, आणि सोबत त्याला?"

"मायेचं माणूस मी."

"बहिणीकडं गेलता म्हणून सांगा की सरळ."

आण्णा उपरणं सारखं करू लागले. मी गोठ्यातून कान लावून. म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली, असं मला आजही वाटतं.

"मला ठावं न्हाय व्हय?" आई म्हणाली. "तिच्याकडचं खाऊन आलात की रातच्याला माझ्या कालवणात मीठ कमी लागतं तुमाला. तिचा हात खारट, पहिल्यापासून."

एवढं बोलून ती आत गेली. ती आता रडणार की भांडी आपटणार, याचा अंदाज घेत आम्ही बसलो. ती बाहेर आली ती आण्णांची घोंगडी घेऊन. घोंगडी लांबूनच टाकली आणि विचारलं, "पोराला नेलं. मग तिला भाकरी कोण देतंय?"

दुसऱ्या दिवसापासून आईच डबा घेऊन काट्यांपर्यंत जायची. अलीकडे आई, पलीकडे आत्या, मध्ये बाभूळ. इतक्या वर्षांनंतर पहिल्यांदा बोलल्या. काय बोलल्या ते आईनं येऊन सांगितलं. "भाकरी वातड झाली म्हणाली. बघा! उपाशी हाय तरी जिभेला हाड न्हाय." पण दुसऱ्या दिवशी पीठ जास्त मळलं.

गोठ्यात आम्ही बापलेक दोन टोकांना आणि मध्ये म्हैस. तिच्या पाठीवरून आमच्या गप्पा चालायच्या. लहानपणी बहिणीला खांद्यावर घेऊन ओढा कसा ओलांडला, तिनं भीतीनं त्यांचे कान कसे ओढून धरले, हे आण्णांनी मला तिथं सांगितलं. चाळिशी गाठलेल्या मला माझ्या बापाला कान आहेत, ते कुणीतरी ओढले होते, हे तेव्हा कळलं. पुढं तपासणीत आमचं काही निघालं नाही. आत्याचा मुलगाही बरा होऊन घरी आला. तरी मला गोठा सोडवेना. आण्णांनाही सोडवत नव्हता, पण म्हशीला आमचा कंटाळा आला असावा.

काट्या निघाल्या आणि आत्याकडे जाणं उजळ माथ्यानं होऊ लागलं. मला वाटलं, आण्णा खूश होतील. झालं उलटंच. दुपारी ते निघाले की आई हाक मारायची. "जाताय तर ही शेंगांची चटणी न्या. आणि तिला म्हणावं, माझा डबा रिकामा धाडू नको. येताना तिचं ताक आणा." बायको म्हणायची, "फोन नेताय ना? नवे फोटो काढलेत." थोरली म्हणायची, मी पण येते. आण्णांच्या दोन्ही हातांत पिशव्या आणि मागं वरात.

एकदा ओट्यावर चप्पल घालताना मला हळूच म्हणाले, "आता सगळ्यास्नी ठावं झालं. माझं असं काय राहिलं?"

मी हसलो. नंतर बराच वेळ हसू आलं नाही. सगळ्या घराचा जन्मभर हिशेब देत आलेला माणूस. पगार, पीक, पोरांच्या फिया, कुठं गेलात, कधी येणार. त्याच्या खिशात एकच गोष्ट स्वतःची होती आणि ती मी, माझ्या ॲपसकट, बाहेर काढली होती.

काही महिन्यांनी ते दुपारचे पुन्हा एकटे निघू लागले. फोन नाही, पिशवी नाही, आत्याच्या गल्लीच्या उलट दिशेला. पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं, "आण्णा, कुठं—" आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी म्हशीला पाणी दाखवायला निघून गेलो. तेव्हापासून ते चप्पल घालायला बसले की आम्ही सगळे कामाला लागायचो. बायको सुपात काहीतरी पाखडायची. मी डोळे मिटून घोरायचो, आणि या कामी माझा हात कुणी धरणार नाही.

आण्णा जाऊन आता तीन वर्षं होतील. ते कुठं जायचे, मला अजून माहीत नाही. आईला माहीत असावं. मागच्या दिवाळीत मी विचारलं, तर करंजीची कड दाबत म्हणाली, "त्येंचं त्येंनी सांगितलं न्हाय. मी कशाला सांगू?"