पोटवाली घरं

गुणवंतरावांनी सुकरीला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. पंचावन्न सालचा हिवाळा होता. सावली गावाजवळ, ज्यांना मागेपुढे कोणी नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी वसाहत उभी राहत होती आणि बांधकामावर देखरेख गुणवंतरावांची होती. सकाळच्या फेरीत त्यांना नव्या घराच्या रिकाम्या खोलीत एक गोंड म्हातारी दिसली. ती एकेक कोपरा हाताने चाचपत होती.

"काय हरवलं, बाई?"

"चूल कुठी हाय?"

चूल नव्हतीच. जमीन देणारे दादाजी धानाचे मोठे शेतकरी. म्हातारपणी कोणी धुरात डोळे चोळत बसू नये, ही त्यांची माया. म्हणून मधोमध एकच मोठी रांधणी आणि भोवती बिनचुलीची घरं, असं ठरलं होतं.

"जेवण आयतं मिळेल," गुणवंतराव म्हणाले.

"मी जेवीन ना तिथी. पण माह्या घरच्यायनं कुठी बसायचं?"

तिचा नवरा आणि दोन्ही लेक वारले होते. तिच्या लोकांत गेलेली माणसं चुलीच्या कोपऱ्यात राहतात; नवं धान आलं की पहिला घास त्यांचा. चूल नसेल तर सुकरी भाच्याच्या गोठ्यात परत जाणार होती. तिथे निदान तीन दगड मांडता येत होते.

छपरावर कवेलू चढवणारा मुखरू गवंडी वरून ओरडला, "भाऊ, बाईले नाई, तिच्या बुढ्याले घर पाह्यजे!"

"तू नीट बस वरतं. पडला तं तुलेबी कोपरा द्या लागन!" सुकरीने खालूनच सुनावलं.

दुपारी दादाजी आले. ऐकून दुखावले. "मी सुख देऊन राह्यलो, अन् हे धूर मागून राह्यली!" तणतणत ते तिच्याकडे गेले. ती उंबऱ्यावर गाठोडं घेऊन बसली होती, निघायच्या तयारीनं. ते पाहून दादाजींचा आवाज उतरला.

"केवढा कोपरा लागते, बाई?"

"एक भाताचा गंज मावन येवढा."

खोली मात्र लहान. खाट टाकल्यावर चुलीला जागा उरेना. मग मुखरूने मागची भिंत फोडून कोपरा बाहेर काढला, गोल, वर इवलंसं छप्पर. कामावरच्या बाया म्हणाल्या, घर पोटुशी झालं! पुढे शेजारच्या नीलाबाईला तसंच पोट हवं झालं, देव मांडायला. गाडीवान डोमाला आपल्या मेलेल्या बैलांच्या घुंगरमाळा टांगायला. त्यानंतरची सगळी घरं तशीच बांधली गेली. ब्रह्मपुरीकडून येणारे लोक अजून थांबून पाहतात.

सुकरी शेवटपर्यंत तिथेच राहिली, दोन्ही वेळा रांधणीतलं जेवली आणि भाजी अळणी असते म्हणून रोज कुरकुरली.