उतरलं काय?

कबनूरच्या अक्का बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. आपण चहाचा घोट घेतला, की त्यांची नजर घोटाबरोबर खाली सरकायची आणि प्रश्न यायचा, "उतरलं काय?" त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी डबा उघडला की ती नजर मला जाणवते.

मी कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स. पहिल्या भेटीत मला त्या प्रश्नाचं हसू आलं. मग त्यांच्या कडेवरची नात दिसली. चार वर्षांची, आई नसलेली सोनी. अन्ननलिका इतकी अरुंद, की भाकरी दुधात कुस्करून, फडक्यातून गाळून द्यावी लागे.

अक्का यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. धागा अडला की हात थांबवायचा, ही तिथली सवय त्यांनी नातीला भरवतानाही ठेवली होती.

"भूक लागती की पोरीला," त्या म्हणायच्या. "लोकं म्हणत्यात लाडावलीया. गळाच घेत न्हाय, ती काय करंल?"

खासगी दवाखान्यातला खर्च ऐकून त्या आमच्याकडे आल्या. आमच्याकडे पुण्याचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन दुर्बिणीतून अशी अरुंद अन्ननलिका फुकट रुंद करून देत. तारीख मिळाली. "आदल्या रात्रीपासून पोरीच्या पोटात काही जाऊ देऊ नका," मी बजावलं. अक्कांनी स्वतःही तोंडात पाणी घेतलं नाही.

सकाळी सोनीच्या ओठावर पेढ्याचा कण दिसला.

"अक्का, खायला दिलंत?"

"न्हाय ओ. वाडीचा परसाद हाय, दत्ताचा. पाण्यात कालवून बोटानं चाटवला. परसाद काय खाणं असतंय व्हय?"

वाटलं, कण पुसून गप्प बसावं. पण भूल दिल्यावर पोटातलं वर आलं, तर थेट फुफ्फुसात जातं. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली. पोट पुन्हा रिकामं होईतो, ते दुपारपर्यंत थांबतील का, एवढं विचारायचं धाडस मला झालं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

तारखेला आठ दिवस राहिले असताना सोनीला दूध पिताना ठसका लागला, दूध श्वासात गेलं. न्यूमोनियानं ती गेली.

तारखेच्या दिवशी अक्का एकट्याच आल्या. "सोनीचा नंबर दुसऱ्या कुणाच्या लेकराला द्या, सिस्टर." मग पदराची गाठ सोडून पेढा पुढे केला. "वाडीला गेलते."

"तुम्ही घेतलात?"

"मी सोडलाय."

मी पेढा तोंडात टाकला. अक्कांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"उतरलं काय?"

"उतरलं," मी खोटंच सांगितलं. त्या तशाच बघत उभ्या राहिल्या.