शालनचा आजार, माझं पित्त

आमच्या शालनला कुणी ‘बरी आहेस ना?’ विचारलं, की ती खरं सांगायची. पिठाच्या गिरणीत, हळदीकुंकवाला, अगदी गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालासुद्धा. ‘भीतीचा आजार हाय मला. गोळी चालू हाय, आता बरंय,’ असं म्हणून पुढच्या कामाला लागायची. लोक शुगर असल्याचं सांगतात ना, तितक्या सहज. माझा जीव मात्र शरमेनं अर्धा व्हायचा. शरमेनं म्हणते खरी, पण ती शरम नव्हती. मी जळत होते.

शालन माझी धाकटी जाऊ, माहेर खर्ड्याचं. सोनईत आमची चूल एकच. ती आली आणि घर तिचं झालं. तिची भाकरी टम्म फुगायची, तिच्या बोलण्याला सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. मी थोरली, तिच्या आधी कितीतरी वर्षं या घरात राबलेली. मला कधी कुणी ‘बस जरा’ म्हटलं नव्हतं.

एका बाजारच्या दिवशी मेथीची जुडी हातात असतानाच तिची छाती धडधडायला लागली. हातपाय गार, श्वास पुरेना. ‘मी मरते’ म्हणून ती रस्त्यातच बसली. दिरांनी गाडी करून नगरला नेलं, तर हृदय ठणठणीत. सासूबाईंनी मीठमिरच्या उतरवून टाकल्या, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. पण हृदयाच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, आणि शालन गेली. परत येऊन ओट्याशी उभी राहून तिनं सगळ्यांना सांगितलं, की धोका नसतानाच आपलं अंग धोक्याची घंटा वाजवतं. याला औषध आहे, बोलून करायचे उपचार आहेत, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. दिरांनी शेजारी ‘नसांचा त्रास’ म्हणून सांगून ठेवलं होतं. तिनं दुसऱ्याच दिवशी ते दुरुस्त केलं.

माझ्या पोटात दुखलं. कारण ही छातीतली धडधड, हे गार पडलेले हात, आता आपण संपलो असं वाटणं, हे सगळं ती या घरात यायच्या आधीपासून माझं होतं. मी त्याला पित्त म्हणत होते. माझ्या आईलाही पित्तच होतं. पित्त म्हणून मी भावाच्या लग्नातून उठून आले, पित्त म्हणून एसटीत बसणं सोडलं. मी सोडा-लिंबू पीत राहिले, आणि हिला मात्र एवढ्यातल्या एवढ्यात आजाराचं नाव मिळालं, डॉक्टरीण मिळाली, येताना घोडेगावला नवऱ्याबरोबर भेळही मिळाली. दुसरीच्या आजाराचा हेवा करणारी बाई कुणी पाहिली नसेल. ती मी.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाजारात पुन्हा जायला सांगितलं होतं, थोडं थोडं करत. सोबतीला मला धाडायचे. आधी नुसतं वेशीपर्यंत, मग कांद्याच्या ढिगापर्यंत, मग गर्दीच्या मधोमध. तिथं ती घामाघूम होऊन उभी राहायची. मी म्हणायची, चल घरी. ती मान हलवायची. ‘भ्यायचं आक्का, पर पळायचं न्हाई. ही चढती तशी उतरती.’ आणि खरंच, थोड्या वेळानं तिच्या चेहऱ्यावरून भीती उतरताना मला दिसायची. माझी मी कधी उतरू दिली होती? मी तर दर वेळी आधीच घर गाठलेलं. त्या दिवसांत मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

मग माझ्या लेकीचं, राणीचं, लग्न आलं. कार्यालयात कन्यादानाची वेळ झाली आणि नवरीच्या खोलीत माझे हात गार पडले. मी म्हणाले, पित्त उसळलंय, मला बसवणार नाही. कुणाचं काही अडलं नाही. आईबापांना बसता येत नसेल तर चुलता-चुलतीनं बसायची रीत आहेच. ‘थोरलीला पित्त झालंय, शालन बसंल,’ असं सासूबाई बाहेर सांगूनही आल्या. माझी एकुलती एक लेक, आणि तिच्या हातावर पाण्याची धार धरणार शालन. तेवढंच एक तिला द्यायचं राहिलं होतं.

शालन आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

‘मी बसनार न्हाई,’ ती म्हणाली. ‘हे पित्त न्हाई, आक्का. तुमालाबी ठावं हाय, मलाबी कवाचं ठावं हाय. भ्या, पर बसा.’

तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. माझं पित्तसुद्धा हिनं मला ठेवलं नाही. त्या रागातच मी उठले असेन. मांडवात जाऊन नवऱ्याशेजारी बसते न बसते, तोच ही बया भटजींना सगळ्यांदेखत सांगते, ‘काका, आमच्या आक्कांना भीतीचा आजार हाय, जरा दमानं घ्या.’ सगळं वऱ्हाड ऐकत होतं. भटजी बरं म्हणाले आणि मंत्र सावकाश म्हणायला लागले. एवढंच झालं. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं असेल तर मला ऐकू आलं नाही. माझ्या हातातल्या झारीची धार वेडीवाकडी पडत होती, राणीचा चुडा भिजून गेला. आणि मग धार चालू असतानाच भीती उतरली. ती उतरेपर्यंत मी जागेवर बसून राहिले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

लग्नाची पाहुणेमंडळी पांगल्यावर मी शालनबरोबर नगरला गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझेही उपचार सुरू झाले. जादू काही झाली नाही. अजून काही दिवस फार वाईट जातात. पण राणीकडे मी आता एसटीनं जाऊन येते.

यंदा दिरांना संगमनेरला एका डेअरीत नोकरी लागली आणि चूल वेगळी झाली. टेम्पोत सामान भरून झाल्यावर शालन माझ्या पाया पडायला आली. उठता उठता हळूच म्हणाली, ‘लई जळला माज्याव, आक्का.’

मला वाटत होतं, हे कुणालाच माहीत नाही. नाही म्हणायचा मला कंटाळा आला.

‘अजून जळते,’ मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. मी इतकी वर्षं तोंड दाबून बसले, आणि ही पोरगी पाठीशी कुणी नसताना एकटी बोलून मोकळी झाली.

‘जळा की,’ ती टेम्पोत चढत म्हणाली. ‘पर गोळी चुकवू नका.’