दुर्लक्ष करा

फुकट मिळणाऱ्या एका ब्लॉग-सॉफ्टवेअरच्या गोतावळ्यात सगळे त्याला बातमीदार म्हणत. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून तो घरी यायचा आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बसायचा. नवी आवृत्ती कधी येणार, बटणाच्या रंगावरून कोणाची कोणाशी जुंपली, सगळं त्यांच्या बातमीपत्रात साग्रसंगीत लिहायचा. वाचायला चिटपाखरूही फिरकत नसे.

परवा नवी आवृत्ती तपासताना 'ही चाचणी आहे, दुर्लक्ष करा' एवढंच लिहिलेलं बातमीपत्र त्याच्याकडून चुकून सगळ्या सभासदांना गेलं. तासाभरात प्रतिक्रियांचा ढीग पडला. निम्म्यांनी चुका काढल्या, उरलेले आपसात भांडले.

त्याने तोंड पाडून ते बायकोला दाखवलं. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत ती म्हणाली, "दुर्लक्ष करा असं आधीपासून लिहायचंस ना. मीसुद्धा वाचलं असतं."